हंगामी खुर्ची

२७ जून १९२७, अमरावती

नवा प्रिन्सिपॉल आला. बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही सगळे प्राध्यापक हार घेऊन उभे. डब्यातून आधी बंदुकांच्या पेट्या उतरल्या, मग कुत्रा, मग साहेब. देवस्थळींनी हार पुढे केला तर कुत्रा त्यांच्याच धोतराला लागला. साहेब हसला. मग आम्हीही हसलो.

देवस्थळी आमचे संस्कृतचे, सगळ्यांत सीनियर. एक साहेब गेला की दुसरा येईपर्यंत हंगामी प्रिन्सिपॉल तेच. मी कॉलेजात आल्यापासून कितीतरी साहेब आले नि गेले, मधली फट दर वेळी यांनीच बुजवली. एवढं लांब नाव रोज कोण लिहिणार? यापुढे नुसतं दे. साहेबाचं सा.

दुपारी शिपाई रहीमखान दे.ची वेताची खुर्ची प्रिन्सिपॉलच्या खोलीतून उचलून परत स्टाफरूममध्ये घेऊन आला. हा दे.चा नेम. हंगामी झाले की घरची खुर्ची आत न्यायची, मोठ्या खुर्चीशेजारी मांडायची आणि तीवर बसून कारभार करायचा. मोठीला अंग लावायचं नाही. "ती गादी ज्याची त्याची. आपण राखणदार." कॉलेजात सगळ्यांना याचं कोण कौतुक! मला किळस येते. एवढी वर्षं राखण करून ज्याला एकदाही बसावंसं वाटलं नाही, तो माणूस माझ्या पुढे उभा आहे, आणि तो हलल्याशिवाय माझा नंबर नाही.

मला प्रिन्सिपॉल व्हायचं आहे. निदान इथे तरी स्वच्छ लिहून ठेवतो.

३ जुलै

सा.च्या बंगल्यावर डाली, म्हणजे नजराण्याची टोपली, पाठवली. संत्री या दिवसांत कुठली? शेंदूरजन्याहून दादानं पपया, केळी, लिंबं आणि मोगऱ्याचे गजरे धाडले, ते टोपलीत रचून वर लाल कापड घातलं. आणणाऱ्या गड्याजवळ दादाचा निरोप: "साहेब लोकाईले मोगरा चालते का नाई, इचारून पाह्यजो."

आमच्या बापानं शेंदूरजन्याच्या बाजारात भाजी विकली, दादानं संत्र्याची बाग उठवली, मी अलाहाबादेस गणितात पहिला आलो. पण डालीची वेळ आली की मी माळ्याचाच. स्टाफरूममध्ये एक जण म्हणाला, "बेलसऱ्यांचं बरं आहे, घरचंच आहे." यांच्या घरचं काय आहे? पळी-पंचपात्र. ते काही सा.ला देता येत नाही.

११ जुलै

सा.नं बोलावलं. खोलीत भिंतीवर एका रांगेत तसबिरी लावल्या आहेत. मला वाटलं, पूर्वज. तर म्हणाला, "माझंच खानदान, पण रक्ताचं नव्हे." इथे येण्याआधी हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका फार जुन्या कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. तिथे याच्या आधी गादीवर बसलेले हे सगळे.

चिरुटानं एकेक दाखवत गेला. हा उतरला आणि ट्रंका उघडायच्या आत तापानं मेला. याची बायको आधी गेली, मग हा. हा दारूनं. हा प्रार्थनेनं, म्हणजे औषध घेईना, प्रार्थनाच करी. एका चौकटीत चित्रच नाही, नुसतं नाव. "चित्र काढून घेण्याइतकाही टिकला नाही," म्हणाला आणि खो खो हसला. स्वतः तिथे सगळे ताप पचवून आला आहे, त्याची घमेंड अंगातून गळते.

रांगेत पहिला जो, तो काळा. गळ्याला पांढरी पट्टी, पाद्र्यासारखी, आणि चेहरा माझ्याहून काळा. मी बघतच राहिलो. सा. म्हणाला, "तो सगळ्यांत जास्त टिकला."

मी धीर करून विचारलं, "मग त्याच्यानंतर पुन्हा काळा का नाही?"

"कारण त्याच्यानंतर आम्ही मरायला रांग लावली होती. पांढरा माणूस मेला तरी चालेल, पण खुर्ची काळ्याची नको."

एवढं सरळ तोंडावर आजवर कोणी बोललं नव्हतं. राग यायला हवा होता, पण डोक्यात तो पहिला काळा माणूसच बसला. तिकडे आफ्रिकेत आमच्या आजोबांच्या काळात जमलं. मग अमरावतीत का नाही?

२४ जुलै

दे.ना ऐकू येत नाही. शंका नाही, खात्री आहे. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवतात आणि बरोबर उत्तर देतात, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. आज व्हरांड्यात मुद्दाम मागून हाका मारल्या. वळले नाहीत. समोर जाऊन तेच बोललो तर, "हो हो, आलोच."

घरी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारपन हाय त्याइचं. तुमाले काहून येवळा आनंद होऊन राहिला?"

आनंद कसला! पूर्वी एकदा दे.कडे सत्यनारायणाला गेलो होतो. बाकीच्यांची पानं आत, माझं ओसरीवर. वाढायला आलेली बाई लांबून वाढत होती, भाताचा ढीग पानाच्या बाहेर पडला. आणि दे. स्वतः ओसरीवर येऊन, "पोटभर जेवा हो बेलसरे," म्हणाले, अगदी मायेनं. शिवी दिली असती तर विसरलो असतो. ती माया अजून पोटात दुखते.

१ ऑगस्ट

सा.ला कानाचं सांगितलं. विश्वास ठेवीना. "तो तर माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवतो!" मी म्हटलं, "तेच तर. आवाज न काढता बोलून बघा." सहज बोलून गेलो. सा.चे डोळे चमकले.

६ ऑगस्ट

आज स्टाफची सभा होती. पहिले काही विषय रीतसर झाले. मग सा. बोलता बोलता आवाज गिळून बसला. ओठ चालू, हात चालू, आवाज नाही. आम्हाला डोळ्यानं खूण केली. मग मीही तसाच बोललो. मग इतिहासवाला, मग रसायनवाला. सगळी खोली मुकी आणि सगळ्यांची तोंडं चालू.

दे. आधी नेहमीसारखे मान हलवत होते. पण ओठांवरून कळायला तिथे शब्दच नव्हते, आम्ही नुसते जबडे हलवत होतो. त्यांनी कानावर हात नेला. करंगळी घालून कान हलवला, पाणी गेल्यावर हलवतात तसा. मग दुसरा. मग खिडकीकडे बघितलं, बाहेर झाडावर कावळे होते. मला वाटतं, त्यांची तोंडं उघडताना बघत असावेत. चेहरा पांढरा पडला. जे थोडं उरलं होतं तेही गेलं, असं त्यांना वाटलं असणार.

सा.नं त्यांच्याकडे बोट करून नुसते ओठ हलवले, प्रश्न विचारल्यासारखे. दे. उठून उभे राहिले. उपरणं सारखं केलं आणि इंग्रजीत म्हणाले, "माझी काही हरकत नाही, सर."

सा. मोठ्यानं म्हणाला, "आभारी आहे! देवस्थळींनी आत्ताच राजीनाम्याला होकार दिला आहे."

हे मात्र त्यांना ऐकू गेलं. सा.चा आवाज तोफेसारखा आहे. खोलीत हशा फुटला. आधी मी हसलो, नक्की मीच. दे. उभेच होते. सगळ्यांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ, आणि बसले.

अजून हसू येतं मधूनच. त्यात काय एवढं? गंमत होती.

९ ऑगस्ट

दे.नी परवा खरोखर राजीनामा दिला!

सा.सुद्धा गडबडला. "अहो, ती थट्टा होती." दे. म्हणाले, "सभेत उभं राहून हरकत नाही म्हटलं. कशाला म्हटलं ते मला माहीत नव्हतं, हा माझा दोष. शब्द तर गेला." नोकरीची वर्षं शिल्लक असताना! हा वेडेपणा हीच माणसं करू जाणोत. रागानं दिला असता तर परत घ्यायला लावता आला असता. यांनी नियम म्हणून दिला.

सा.नं दोन दिवस कागद टेबलावर तसाच ठेवला. आज मला विचारलं, "तुझं काय मत?" मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडायला लावू नये." त्यानं सही केली.

आता सीनियर मी.

१५ ऑगस्ट

दे. अकोल्याला गेले, मुलीकडे. बायको कधीच वारली, इथे होतंच कोण? टांग्यात वळकटी, पोथ्या आणि वर उलटी ती वेताची खुर्ची. रहीमखान टांग्याबरोबर चालत राजापेठेपर्यंत गेला म्हणे. मी गेलो नाही, वर्ग होता.

सौ. गेली होती. दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली. आल्यावर माझ्याशी बोलेना. संध्याकाळी ताट ठेवता ठेवता: "अजी, खरं सांगा. तुमी हासले का त्या मान्साले?"

"सगळेच हसले."

"सगळ्याइचं मी नाई इचारून राहिली."

जेवण अर्धं टाकून उठलो. घरच्या बाईला कॉलेजातलं कोण सांगतं, ते शोधायला हवं.

४ सप्टेंबर

स्टाफरूममध्ये मी गेलो की बोलणं थांबतं. हसताना सगळे होते, आता पाप एकट्याचं. रसायनवाला तर म्हणतो, "मी तेव्हा जांभई देत होतो." जांभई!

१८ सप्टेंबर

सा.ला कोणी सांगितलं देव जाणे, की मी जातीनं माळी. आज चारचौघांत म्हणाला, "बेलसरे, मग तू मला आधी का नाही सांगितलंस? बंगल्यातल्या गुलाबांना कीड लागली आहे. जरा ये."

मला वाटलं, चहाला बोलावतो आहे. गेलो तर हातात कात्री दिली. तो व्हरांड्यात वेताच्या कोचावर, पाय वर, कुत्रा शेजारी. आणि मी, गणिताचा प्रोफेसर, कोट काढून त्याचे गुलाब छाटतो आहे. खरी गोष्ट अशी की मला छाटणी येतही नाही. बापानं कधी बागेत हात घालू दिला नाही, "तू शिक" म्हणे. चांगल्या फांद्या कापल्या असणार. सा. वरून, "शाबास, हाडात असतं ते."

हातभर काटे. घरी सौ.नं सुई घेऊन काढले. तिला सगळं कळलं होतंच. म्हणाली, "मामंजीनं केलं थे पोटासाठी केलं. त्याची लाज नाई. तुमी कशासाठी केलं?"

खुर्चीसाठी. पण तिला काय सांगणार? सा. नागपूरला माझं नाव कळवणार आहे. आपण गेल्यावर इथे हिंदी माणूस चालेल असं लिहीन, हे त्यानंच मला सांगितलं आहे. एकदा नाही, दोनदा. लिहिलं मात्र नाही अजून.

२० ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. सा. चिखलदऱ्याला निघाला, शिकारीला. जंगलखात्याच्या माणसानं सांगितलं, वर हवा चांगली आहे, पण खालच्या रानात मुक्काम करू नका, पावसाळ्यानंतरचा मेळघाटचा ताप वाईट. सा.नं भिंतीवरच्या रांगेकडे बोट केलं. "ज्यानं यांना सगळ्यांना खाल्लं, त्याला मी पुरून उरलो. तुमचा मेळघाट मला काय करणार!" तापावरच्या कोयनेलची बाटली टेबलावर तशीच ठेवून गेला.

बाटली मला दिसली होती. गाडी फाटकाशीच होती.

१२ नोव्हेंबर

सा. तापानं फणफणला आहे. परतवाड्याहून डोलीत घालून आणला. सिव्हिल सर्जन दिवसातून दोनदा येतो. नागपूरला लिहायचं राहिलंच आहे. मी भेटायला गेलो, विषय काढणार होतो, पण तो मला ओळखेना. "ट्रंका उघडू नका," एवढंच बडबडत होता. कुत्रा पलंगाखाली.

१६ नोव्हेंबर

आज पहाटे गेला. आफ्रिकेनं सोडलेला आमच्या मेळघाटच्या डासानं खाल्ला. वाईट वाटलं का? नाही वाटलं. गुलाबाचे काटे अजून तळहातात ठणकतात, खोटं कशाला लिहू? वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, की नाव न कळवता मेला.

दुपारी कॅम्पाकडच्या ख्रिस्ती कबरस्तानात पुरलं. माझं इंग्रजी भाषण चांगलं झालं.

तिथून परत कॉलेजात आलो. नागपूरची तार येऊन पडली होती. हंगामी कारभार सीनियर प्रोफेसरनं बघावा. मी आत गेलो. रहीमखान दारात उभा. "हुजूर, आपकी कुर्सी ले आऊं?"

"कशाला? ही आहे ना."

बसलो. मऊ आहे. हातांना चामडं. रहीमखान तिथेच उभा राहिला, मग सलाम न करता गेला. समोरच्या भिंतीवर ती रांग. काळ्या माणसाकडे बघून मी हसलो. दोघंच होतो.

२४ नोव्हेंबर

चुकलंच. साहेबाला माती दिलेल्या हातानं, अंघोळसुद्धा न करता गादीवर बसला, अशी गावभर हाकाटी. हिंदू म्हणतात सुतक नाही पण विधिनिषेध आहे की नाही! मुसलमान म्हणतात तिसऱ्या दिवसापर्यंत तरी थांबायचं. युरोपियन क्लबात म्हणे, "नेटिव्हला घाई." आयुष्यात पहिल्यांदा या तिन्ही लोकांचं एकमत झालं, तेही माझ्यावर. ज्या वेताच्या खुर्चीला मी हसत होतो ती सगळ्यांना आता आठवते आहे. "देवस्थळी कसे बसत!"

सा.च्या तसबिरी पेटीत भरून विलायतेला पाठवल्या. भिंतीवर चौकटींचे पांढरे डाग राहिले.

३० नोव्हेंबर, नागपूर

शिक्षणखात्याच्या नामदारांना भेटलो. वऱ्हाडातलेच, दर्यापूरकडचे देशमुख, बोलणं अजून गावातलंच. नव्या तोडीची आंबे बहाराची संत्री नेली होती, दादानं निवडून दिलेली. सोलून खाल्ली, बिया हातात घेतल्या, म्हणाले:

"संत्रं गोड हाय. तुमचं काम बी गोड होईन. साहेब मागावा का आपला मानूस बसवावा, थे माह्या हातात हाय. पन देवस्थळी गुरुजीले इचारल्याबिगर मी हे करत नाई. कॉलेजात मले त्याइनंच शिकोलं. थे कॉलेज सोडून काहून गेले, थे बी मले समजून घ्या लागते. दहा तारखेले अकोल्याले येऊन राहिलो. तुमी बी या."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?  माझं नाव आता त्या म्हाताऱ्याच्या तोंडात आहे.

४ डिसेंबर, अकोला

नामदारांच्या आधी एकटाच जाऊन आलो. न जाऊन सांगतो कोणाला?

दे.ची मुलगी जुन्या शहरात राहते, घर रस्त्याला लागून. दे. ओसरीवर त्याच वेताच्या खुर्चीवर, पोथी घेऊन. मला बघून उठले. वाळले आहेत. मी पाटी मागितली, लिहून दाखवावं म्हणून. मुलगी पाटी आणायला वळली तर यांनी हात केला.

"पाटी नको, चष्म्यानंही अक्षर लागत नाही. पोथी पाठ आहे. मोठ्यानं बोला. उजव्या कानानं थोडं येतं अजून."

"ओठांवरून तर तुम्हाला..." मी पुटपुटलो.

मुलगी म्हणाली, "बाबा ओठ बघत नाहीत आता. ओठांवर भरवसा राहिला नाही म्हणतात." ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

मग काय, बोललो मोठ्यानं. "नामदार दहा तारखेला येताहेत!"

"कोण?"

"नामदार! तुम्हाला विचारणार आहेत! माझं नाव सांगा!"

"कशासाठी?"

"प्रिन्सिपॉलच्या जागेसाठी!"

"कोणाचं म्हणालात?"

"माझं! माझं नाव! मला प्रिन्सिपॉल करा म्हणावं!"

समोर रस्त्याच्या कडेला वांगी-मेथी घेऊन बसलेल्या बायका. बोलीवरून आमच्याच माळणी. त्यातली एक तिथूनच ओरडली, "सांगा ना जी बावाजी! गळा बसून राहिला ना त्या मान्साचा!" आळीभर हशा. दोन-चार दारांतून डोकी बाहेर आली. अलाहाबादचा पहिला नंबर, आणि भर बाजारात हातवारे करून खुर्ची मागतो आहे.

दे. हसले नाहीत. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. "ऐकलं," म्हणाले. "मी खोटं बोलणार नाही, बेलसरे. विचारतील ते सांगीन." आणि लगेच, "जेवून जा. पोटभर जेवा."

ओसरीवर पान मांडलं. जेवलो. वरण छान होतं.

परतताना गाडीत ठरवलं, खोटं नाही बोलणार म्हणजे खरं बोलणार. खरं काय आहे? गणित मला येतं, शिस्त मला आहे, कॉलेजात माझ्याइतका लायक दुसरा नाही. हे त्यांनाही माहीत आहे. तसे न्यायाचे आहेत. त्यांच्याजवळ माझ्यावरचा राग असेल, पण रागानं निर्णय घेणारा माणूस नव्हे तो. राजीनाम्याच्या वेळी बघितलंच की. याच एका गोष्टीचा आधार वाटतो.

१० डिसेंबर, अकोला

नामदारांबरोबर गेलो म्हणून आज आत, माजघरात, सतरंजीवर. नामदारांनी दे.च्या पायांवर डोकं ठेवलं. दे.नी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले. मुलीनं चहा दिला, मलाही तसल्याच पेल्यात. नामदार उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले:

"गुरुजी! साहेब मागू का आपला मानूस बसवू? तुमी सांगान थे करतो!"

 बेलसरे लायक आहेत, असं दे. आधी म्हणाले. खरंच म्हणाले, स्पष्ट. गणितात, शिस्तीत, सगळ्यात लायक.  मग म्हणाले,

"पण साहेब आणा."

नामदारांना वाटलं, प्रश्न नीट पोचला नाही. पुन्हा ओरडून विचारलं.

"ऐकलं मी. साहेब आणा म्हणतो. जन्मभर वाटत होतं, आपला माणूस बसावा. मी त्यासाठीच राखण केली. पण साहेब हसला तर मनाला सांगता येतं, परका आहे, हसणारच. आपला हसला की काय सांगायचं, ते मला अजून सापडलं नाही." एवढं बोलून त्यांनी पेला उचलला. चहा धोतरावर सांडला. मुलीनं पदरानं पुसला.

मी मान वर केली नाही. सतरंजीची वीण मोजत बसलो.

बाहेर टांग्यापाशी नामदारांनी पान लावलं. "गुरुजी लय दुखावले हायेत." पान तोंडात घालून: "पन साहेब आनला तं कौन्सिलात लोक मले कच्चा खातीन. आपलाच मानूस बसवा लागते. कोन, थे पाहू." पिंक टाकली आणि टांग्यात बसले. माझ्याकडे बघितलं की नाही, सांगता येत नाही.

१३ डिसेंबर, अमरावती

नागपूरची तार नाही. आज पुन्हा सगळा विचार केला. नामदार दुसरा माणूस आणणार कुठून? मलाच बसवावं लागेल. दे. काय म्हणाले, ते त्या माजघरात होते तेवढ्यांनीच ऐकलं, आणि नामदार ते कोणाला सांगणार नाहीत, त्यांच्या सोयीचं नाही. म्हणजे मिळेल. बहुतेक मिळेल.

अकोल्याहून आल्यापासून सौ.नं काही विचारलं नव्हतं. आज देवापाशी वात लावता लावता म्हणाली, "गुरुजी काय म्हनले मंग?"

मी म्हटलं, "हो म्हणाले. माझंच नाव सांगितलं."

वात तिच्या हातात तशीच राहिली. डोळे भरून आले. "पाहा बापा," ती म्हणाली, "तुमी येवळं केलं तरी. देव मानूस हाय थो."

मी हो म्हटलं. मग तिनं ताट वाढलं आणि मी जेवलो.